चार हातांचा कार्बन

आमच्या वऱ्हाडातल्या मालेगावहून वाशिमला जाणाऱ्या एस.टी.त ती माझ्या शेजारी बसली होती, एवढीच आमची ओळख. सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरची गोष्ट असावी. तिच्या मांडीवर तान्हं लेकरू होतं आणि हातात ज्वारीच्या वाळल्या ताटाच्या, म्हणजे धांड्याच्या, गराचे गोळे, बाभळीच्या काट्यांनी एकमेकांना जोडलेले. आमच्याकडे पोरं याच सामानाची बैलगाडी करतात.

"खेळणं मस्त हाय व बाई!" मागचा म्हातारा म्हणाला. मीही हसलो.

"खेळणं नाही बाबा, कार्बन हाय. विज्ञानात दोनदा नापास झाली मी. आज दहावीचा पेपर हाय." ती एकेका गोळ्याचे काटे चाचपू लागली. "ह्याले चार हात. शेजारच्या कार्बनले एकानं धरा, नाही तं दोनानं. उरलेल्याले हायड्रोजन. पण एकबी हात मोकळा सोडाचा नाही."

गाडीच्या गचक्यानं एक काटा निसटला. लेकरू रडायला लागलं.

"मले तं दोनच हात हाय," ती म्हणाली आणि लेकरू सरळ माझ्याकडे दिलं. "धरा भाऊ."

वाशिमपर्यंत ती जोडत राहिली, पुटपुटत राहिली. स्टँडवर तिची बहीण आली होती. माझ्याकडचं लेकरू बहिणीकडे देऊन ती मागे न बघता शाळेकडे निघाली.

माझ्या बायकोची मॅट्रिक अशाच तान्ह्या लेकरापायी सुटली. तेव्हा माझे दोन्ही हात मोकळे होते.