देवापुढचा भात

“भात चिकटला पाहिजे, पण सुटलाही पाहिजे,” असं इसाबुरो म्हणायचा. जेवताना म्हणायचा, लग्नाच्या मांडवात म्हणायचा, आणि मयताहून परत येतानाही म्हणायचा.

तो तलवारींची म्यानं करायचा. होनोकीचं मऊ लाकूड वर्षानुवर्षं सावलीत वाळवायचं, त्याच्या दोन फाका आतून कोरायच्या आणि भाताच्या खळीने जोडायच्या, हे त्याचं काम. शिजलेला भात पाटावर घेऊन तो बांबूच्या पट्टीने घोटत बसे, एकही शीत अख्खं राहू नये म्हणून. सरसाला त्याने कधी हात लावला नाही. सरसाने जोडलेलं म्यान उघडायचं तर लाकूड फाटतं. भाताचं म्यान सांध्यावर हलकेच उकलतं, आतून साफ होतं, पुन्हा जोडलं जातं. आमच्या योशीइ नदीकाठी हे शेंबडं पोरही सांगेल.

माणसांच्या बाबतीत मात्र त्याला एकच गोष्ट चिकटायची, ती म्हणजे संशय. आणि तो काही सुटायचा नाही. लाकडाच्या थप्पीवर तो कोळशाने रेघ ओढून ठेवी, कुणी फळी हलवली तर कळावं म्हणून. समोर राहणारा मी खोकलो तरी तो खिडकी लावून घेई. सून ओत्सुता घरात आल्यापासून तर त्याला झोप नव्हती. तिचा मामा नदीच्या पलीकडे म्यानंच करायचा. आपला धंदा बुडवायलाच ही पोर इथे धाडली आहे, असं इसाबुरो होडीवाल्यांनासुद्धा ऐकवी. मुलगा मालाच्या होडीवर महिनोन्महिने बाहेर. तो ना बापाच्या बाजूचा, ना बायकोच्या.

त्या वर्षी जिन्नाई लोहाराने किल्ल्यावरच्या कारभाऱ्यांच्या मुलासाठी एक पातं घडवलं. तसं पातं पुन्हा झालं नाही. पाणी दिलेल्या धारेवर पहाटेच्या धुक्यासारखी एक पांढरी लाट होती. पावसाळ्यात इसाबुरोने त्याचं म्यान जोडून दिलं. पाऊस सरला, आणि एके दुपारी जिन्नाई ते पातं कापडात गुंडाळून त्याच्या ओसरीवर आला. आम्ही दोघेचौघे कुंपणाशी जमलो. जिन्नाई चिडला की आवाज उतरवतो. तो आवाज उतरवूनच बोलला.

“धार माझी, पाणी माझं. हे लाल कुणाचं, इसाबुरो?”

पात्याच्या पाठीवर, म्यानाचा सांधा येतो तिथे, गंजाची बारीक ओळ चढली होती.

इसाबुरोने म्यान घेतलं, सांध्यावर ठोकून उकललं, वाळलेली खळ नखाने खरवडली आणि जिभेवर ठेवली. त्याचा चेहरा पालटला. खळ खारट होती, आणि मीठ लोखंड खातं. पुढे काही विचारायचंच राहिलं नाही. तो स्वयंपाकघराकडे वळला.

“चूल तुझी, हात तुझा, मामाही तुझाच. दिवस बुडायच्या आत होडीत बस आणि माहेरी जा. पोरगी इथेच राहील.”

आमच्याकडे अशी परत पाठवलेली बाई पुन्हा उंबरा ओलांडत नाही. पोरगी अजून अंगावर पीत होती. ओत्सुताने रडून दाखवलं नाही. कपडे बांधले, गाठोडं ओसरीवर ठेवलं, मुलीला कडेवर घेतलं आणि सासऱ्यापुढे उभी राहिली.

“जाते मामंजी. पण म्यान जोडलंत त्या दिवशी माझ्या पातेल्यातला भात घेतला होतात का?”

इसाबुरोने खरवडलेली खळ पुन्हा जिभेवर ठेवली, जणू तो दिवस त्याला आत्ताच आठवत होता.

“मी वाढून आणला होता. तुम्ही हुंगलात आणि कोंबड्यांना टाकलात.”

ते मीही पाहिलं होतं. कोंबड्या माझ्याच परसात येऊन चोची पुसत होत्या. मी कुंपणावरून तसं सांगितलं, तेव्हा इसाबुरोने माझ्याकडे असं पाहिलं, जणू कोंबड्यांना मीच फितवलं होतं.

मग भात आणला कुठून, असं जिन्नाईने विचारलं. इसाबुरोने खळीचा पाट पुसला, पट्टी पुसली, पुन्हा पाट पुसला.

“देवळातला. देवापुढचा,” तो म्हणाला. “म्हटलं, देवाच्या भातात कोण काय कालवणार?”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आमच्या देवळात एकाच तबकात भात ठेवतात, पाणी ठेवतात आणि मिठाची रास ठेवतात. पावसाळ्यात मिठाला पाझर फुटतो आणि ते तबकभर सरकतं. घरच्या भाताला घाबरून हा माणूस नेमका मिठाशेजारचा भात उचलून घेऊन आला होता.

जिन्नाईने पातं कापडात घातलं. “मग होडीत कुणाला बसवायचं? हिला, की देवाला?”

कुंपणाशी कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच खोकलं.

पातं पाजळणाऱ्याकडे तूच न्यायचंस, असं जिन्नाईने सांगितलं. काय घडलं तेही तुझ्याच तोंडाने सांगायचंस, आणि नवं म्यान जोडशील तेव्हा भात या सुनेच्या पातेल्यातला असेल, नाहीतर म्यान दुसरा कुणी करील. इसाबुरोने मान हलवली. ओसरीवरचं गाठोडं त्याने उचललं, आत नेलं आणि चुलीपाशी ठेवलं. पात्यावर लवंगतेलाचा हात फिरवून त्याने ते पुन्हा कापडात गुंडाळलं, वहाणांचे बंद आवळले आणि उंबऱ्याबाहेर येऊन थबकला.

“काय गं,” त्याने हळूच विचारलं, “देवळातल्या त्या पुजाऱ्याची बायको कुठली? पलीकडच्याच काठची ना?”

तो बांधावरून चालू लागला, पातं छातीशी धरून, कुणाच्या सावलीवरही पाय न देता. जिन्नाई भट्टीकडे वळला, आम्हीही पांगलो. वळणावरची वेळूची झाडं त्याच्यामागे मिटेपर्यंत ओत्सुता एकटीच लेकीला कडेवर घेऊन पाहत होती.