शंभर मुक्काम

माझी आत्या एका तळ्याकाठच्या विश्रामगृहाची व्यवस्थापक आहे. 'व्यवस्थापक' हा शब्द पाणीखात्याचा. झाडणं, चादरी धुणं, स्वयंपाक, छपरावर साचलेली पानं काढणं आणि 'परवानगीशिवाय छपरावर का चढलात' याचा खात्याला लेखी खुलासा देणं, हे सगळं ती एकटीच करते.

तळ्याचा बांध घातला जात होता तेव्हा साहेबांना राहायला म्हणून ते विश्रामगृह बांधलं. दोन खोल्या, चार खाटा, लांब व्हरांडा. बांध झाला, साहेब गेले, विश्रामगृह राहिलं. आधी आतोबा ते सांभाळायचे. ते गेल्यावर आत्यानं 'तात्पुरत्या' म्हणून किल्ल्या घेतल्या, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. बस खालच्या फाट्यावर सोडते. तिथून पावणेदोन तासांची चढण, मग एकदम सपाट माळ, कमरेइतकं गवत, पाणथळ आणि पक्षी. दुकान नाही, मोबाइल लागत नाही. व्हरांड्यात भिंतीवर एक तारेचा फोन आहे आणि तो वारा नसेल तर चालतो.

मी प्रवासाच्या एका मासिकात नोकरी करते. माझं सदर 'गर्दीपासून दूर'. ते मी ज्या खोलीत बसून लिहिते तिथे चार टेबलं, पाच माणसं आणि एक झेरॉक्स मशीन आहे. मशीन चालू असलं की मला खुर्ची पुढे ओढून पोट टेबलाला टेकवावं लागतं. अशा बैठकीतून मी तोवर बावीस निर्मनुष्य ठिकाणांवर लिहिलं होतं. त्यातल्या दोन ठिकाणी मी गेलेही होते. एका ठिकाणी लग्नाला.

आत्याकडे सहा वर्षांची असताना गेले होते. पायाला जळू लागली आणि मी घरी जाईपर्यंत रडले, एवढंच आठवतं.

मे महिन्यात एका दुपारी तिचा ऑफिसात फोन आला. "कागद आलाय. वाचते, ऐक. 'चालू वर्षाअखेर किमान शंभर मुक्काम न झाल्यास सदर विश्रामगृह बंद करून व्यवस्थापकांना मुख्य कार्यालयाच्या भांडारात सामावून घेण्यात येईल.' एक माणूस एक रात्र राहिला की एक मुक्काम."

"आत्तापर्यंत किती झालेत?"

"अकरा."

"आणि भांडार म्हणजे?"

"तळघर आहे गं. जुने पाण्याचे मीटर आणि फायली. मी जाऊन बघून आले. खिडकी नाही. एक पंखा आहे, तो बंद आहे." मग म्हणाली, "तू कुठल्या कुठल्या जागांवर लिहितेस, तर एकदा माझ्या जागेवर लिही की."

आत्यानं आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी आठ दिवस खपून तो लेख लिहिला. पहाटेवर दोन पानं होती. 'जिथे वाट स्वतःलाच विसरते आणि निळं, निःशब्द पाणी आकाशाचा निरोप जपून ठेवतं' अशी त्याची सुरुवात होती. संपादकांनी वाचून चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आमच्याकडे याहून मोठा पुरस्कार नाही.

लेख छापून आला आणि त्रेचाळीस पत्रं आली. एका गृहस्थांनी लेखातली दोन वाक्यं वापरून एका मुलीला लग्नाचं विचारलं होतं आणि ती हो म्हणाली होती. एका निवृत्त प्राध्यापकांनी लिहिलं, 'वाचताना प्रत्यक्ष जाऊन आल्यासारखं वाटलं. आता वेगळं जाण्याची गरज उरली नाही.' हे पत्र मी आईला दोनदा वाचून दाखवलं. त्यात काय लिहिलं आहे ते मला तिसऱ्या वाचनात कळलं.

महिन्याअखेरीस आत्याचा फोन आला.

"पत्रं त्रेचाळीस आली, आत्या!"

"छान. खाटेवर झोपायला कोण येणार आहे?"

मी पत्रांचा गठ्ठा टेबलावर ठोकून सरळ करायला लागले.

"अगं, लोक येणार कसे? बस कुठली, उतरायचं कुठे, काहीच लिहिलं नाहीस. मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा तर पेन्सिल घेऊन बसले."

तसली माहिती घातली की लेखाची लय तुटते, असं संपादकांचं मत होतं. माझंही तेच मत होतं, खोटं कशाला बोलू.

"आणि पाणी निळं कधी बघितलंस?" आत्या म्हणाली. "चहासारखं आहे ते. गवत कुजून तसं होतं. उद्या कुणी आलं आणि निळं कुठंय म्हणालं, तर मी काय तळ्यात नीळ टाकू? निःशब्द म्हणे. पहाटे बदकं काय गोंधळ घालतात, ये एकदा ऐकायला."

पुढच्या अंकात पान बाराच्या कोपऱ्यात मी चार ओळींची चौकट टाकली. बस, फाटा, चढण, खाटा, आत्याचा फोन नंबर. त्या ओळींना लय नव्हती, पण फोन वाजायला लागला. आठवड्यात वीस-बावीस फोन येतात असं आत्या म्हणाली. मी मनातल्या मनात खाटांचा गुणाकार केला आणि शनिवार-रविवार जोडून, विजयी वीराच्या थाटात, तिच्याकडे निघाले.

चढणीवर नवे बूट चावले. वाटेत टपालवाल्या बाई खांद्याला पिशवी लावून मागून आल्या, पुढे गेल्या, वर टपाल देऊन परत उतरताना मला भेटल्या. "अजून इथंच?" एवढंच म्हणाल्या. वर पोचले तेव्हा आत्या फोनवर होती. मी पायरीवर बसून बूट काढत ऐकत होते.

"बघायला? बघायला तसं काही नाही हो. पाणी आहे, गवत आहे... नाही, धबधबा नाही. गुडघे कसे आहेत तुमचे?... मग नका येऊ... अहो, खरंच नका येऊ."

फोन ठेवला. लगेच पुन्हा वाजला.

"हो, तेच. मुलं केवढी आहेत?... कंटाळतील. टीव्ही नाही... गाडी वरपर्यंत येत नाही... जळवा? आहेत की. चिकटतात, तर काय."

"आत्या! तू काय करतेयस?"

"माहिती देतेय."

"तू लोकांना हाकलतेयस! शंभर हवेत ना आपल्याला? झाले किती?"

"एकोणीस. पण विचारलं ते सांगायला नको का? इथं येऊन तोंड पाडून बसले, तर त्यांच्यापुढे चहा कोण नेणार? मीच ना?"

पुढचा फोन मी झडप घालून उचलला. "या ना, अवश्य या," मी म्हटलं आणि पहाटेच्या दोन पानांतलं जे आठवलं ते सगळं त्या गृहस्थांना ऐकवलं. दुसऱ्या दिवशी ते बायको आणि दोन मुलांसह आले. त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला होता. धाकटीला जळू लागली. थोरला विचारत होता, इथं करायचं काय. आत्यानं मुकाट्यानं मिठाची पुडी माझ्या हातात दिली आणि मी त्या मुलीच्या पोटरीवर मीठ चोळत बसले. ती रडत होती आणि तिची आई माझ्याकडे बघत होती. दोन किटल्या चहा पिऊन उन्हं कलायच्या आत ती मंडळी उतरली. मुक्काम शून्य.

आत्यानं किटल्या उचलून घासायला घेतल्या. ओरडली असती तर बरं झालं असतं.

जेवताना मी दुसरा उपाय सुचवला. "नोंदवहीत दहा-वीस नावं लिहून टाक ना. कोण बघतंय?"

"मी बघते की," आत्या म्हणाली आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला.

त्या वेळी दुसऱ्या खोलीत एक पाहुणा होता, चष्म्याच्या दुकानात नंबर तपासणारा. त्यालाही आत्यानं फोनवर सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला होता, गुडघे बरे आहेत, टीव्ही नको, दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावून कंटाळलोय. दोन रात्रींसाठी आला आणि सहा राहिला. सकाळी लव्हाळ्यांसमोर स्टूल टाकून बसायचा, तो जेवायलाच उठायचा. जाताना दिवाळखोर झाल्यासारखा चेहरा करून म्हणाला, "बाई, पुढच्या महिन्यात बहिणीला घेऊन येतो. तीही फारशी बोलत नाही."

बहीण आली, पाच रात्री राहिली. तिनं शाळेतल्या एका मैत्रिणीला सांगितलं. आत्या प्रत्येकाला गुडघे, जळवा आणि चहाच्या रंगाचं पाणी ऐकवायची. दहातले नऊ फोन ठेवायचे. दहावा यायचा आणि हलायचा नाही. आकडा मुंगीच्या पावलानं वर चढत होता. मी दर सोमवारी ऑफिसातून फोन करून तो विचारायचे आणि टेबलावरच्या कॅलेंडरवर लिहायचे. संपादकांना वाटलं मी लेखाचे शब्द मोजतेय. ते खूश होते.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आकडा सत्त्याण्णववर होता आणि चष्मेवाल्यानं अठ्ठावीस, एकोणतीस, तीस अशा तीन रात्री धरून ठेवल्या होत्या. सत्तावीसला त्याचा निरोप आला की ताप आहे, येत नाही. आत्यानं मला कळवलं नाही. आईनं ऑफिसात फोन करून सांगितलं.

"वन्संनी ट्रंक भरायला काढलीय," आई म्हणाली. "मी म्हटलं, थांबा जरा. तर म्हणतात, शेवटच्या दिवशी धावपळ नको."

मी लगेच विश्रामगृहाला फोन लावला.

"विश्रामगृह."

"आत्या, मी. मला उद्यापासून तीन रात्री खोली हवीय."

"तू येऊन राहा की. त्याला खोली कशाला? पण नातेवाईक मोजता येत नाहीत."

"असं नियमात लिहिलंय?"

रिसीव्हर बाजूला ठेवल्याचा आवाज. कपाट उघडलं. पानं उलटली. बऱ्याच वेळानं ती परत आली.

"लिहिलेलं नाही. पण फुकट राहणारा पाहुणा धरत नाहीत."

"मग माझी पावती फाड. सगळ्यांची फाडतेस तशी."

मग खाकरून, निराळ्याच आवाजात, "बरं. मग सगळ्यांना विचारते ते विचारावं लागेल. गुडघे कसे आहेत तुमचे?"

"बरे आहेत."

"तुम्ही पहाटे उठता का?"

"उठेन."

"उठाल ते माहीत आहे. उठता का?"

"नाही."

"इथे बघण्यासारखं काय ते पहाटेच असतं. नंतर नुसतं ऊन. मग येऊन करणार काय तुम्ही?"

खोलीतली बाकीची माणसं आपापलं काम सोडून माझ्याकडे बघत होती. झेरॉक्स मशीनही नेमकं थांबलं होतं. इतकी वर्षं लोकांना आडवाटेला पाठवणाऱ्या मला, मी स्वतः का जाणार याचं एक कारण सांगता येईना.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "पण तू तळघरात बसलेली मला नको आहेस."

"ते खात्याला चालणार नाही," आत्या म्हणाली. "'कारण' या रकान्यात मी 'विश्रांती' लिहिते. जुने बूट घालून या."

तीन रात्री मी तिथे पाहुणी होते आणि आत्यानं ते पाहुणेपण काटेकोर पाळलं. मला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. "पाहुण्यांना मनाई आहे," म्हणाली आणि अंडी उकडून ट्रेवर आणून दिली. ट्रे उचलायला गेले तर हातावर चापट मारली. पहिल्या दोन्ही पहाटे मी झोपून राहिले. तिसऱ्या पहाटे तिनं दार ठोठावलं. "दोन पानं लिहिलीस ना याच्यावर? ऊठ, बघ तरी." मी रजई गुंडाळून व्हरांड्यात आले. धुकं होतं. पाणी दिसतच नव्हतं, नुसती बदकं भांडताना ऐकू येत होती, एखाद्या मोठ्या घरात सगळी एकाच वेळी आंघोळीला निघाल्यासारखी. मग धुक्याचा एक तुकडा बाजूला झाला आणि चहाच्या रंगाचं पाणी दिसलं, त्यात शंभर-दीडशे काळे ठिपके. आत्या उभ्यानं चहा पीत बघत होती. एकोणीस वर्षं रोज बघितल्यासारखी नाही, काहीतरी तपासून घेतल्यासारखी. मी तिच्याकडेच जास्त बघितलं. थंडीनं माझे दात वाजत होते आणि त्यासाठी चांगला शब्द मला सुचला नाही.

एकतीस तारखेला नोंदवही पिशवीत घालून ती स्वतः मुख्य कार्यालयात निघाली. टपालावर तिचा विश्वास आहे, पण एवढा नाही. मी दिवसभर व्हरांड्यात येरझाऱ्या घातल्या. खोलीच्या कोपऱ्यात तिची ट्रंक तशीच भरलेली होती. मला ती उघडून सगळं परत लावून ठेवावंसं वाटलं, पण धीर झाला नाही.

चार वाजता ती वर आली. पिशवी खुंटीला लावली, पाणी प्यायली.

"अगं, काय झालं ते सांग ना!"

"मोजले त्यांनी. दोनदा. शेवटच्या तीन नोंदींवर बोट ठेवून म्हणाले, तिन्ही रात्री एकच नाव, हे कोण? म्हटलं, माझी भाची आहे. पावती मागे टाचलीय. आली, राहिली, जेवली. उशिरापर्यंत झोपते, एवढी एक तक्रार आहे."

"मग?"

"हसले आणि शिक्का मारला. पुढच्या वर्षी एकशेवीस म्हणतात. पुढचं पुढे बघू."

मी तिला मिठी मारायला गेले. तिनं मला हातभर अंतरावर थांबवून व्हरांड्यातल्या घड्याळाकडे बघितलं.

"तुमचा मुक्काम सकाळीच संपला. खोली अजून रिकामी केली नाहीत. उद्या चष्मेवाल्याची बहीण येतेय, चारही खाटांच्या चादरी धुवायच्यात."

आणि पुन्हा नेहमीच्या आवाजात म्हणाली, "चल, बाह्या वर कर."

उजेड असेपर्यंत मी आठ चादरी धुतल्या. पिळून दोरीवर टाकताना वळून बघितलं, तर आत्या दारात बसून ट्रंकेतलं सामान एकेक करून बाहेर काढत होती आणि मला ओरडून सांगत होती की चादरीची टोकं नीट जुळव, तुझ्या लेखासारखी लोंबती ठेवू नकोस.