मामांना वाट दिसली

चष्मेवाल्याने वाटाड्या मामांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा डोंगराचा एखादा तुकडा कंटाळून सुटा झाला आणि पायांनी चालत आला, असंच त्याला वाटलं. आधी मिशा आल्या. मग बऱ्याच वेळाने, मिशांच्या मागोमाग, बाकीचे मामा आले. आवाज त्याच्याही आधी, बस वळणावर होती तेव्हाच पोचला होता आणि बसमधल्या दोन झोपलेल्या प्रवाशांना उठवून परत गेला होता. पाय असे बाकलेले, की मधून एखादं शिंगरू सहज निघून जावं. असे हे मामा दोन्ही हात पसरून आले, चष्मेवाल्याच्या शेजारून सरळ पुढे गेले आणि खांबाला टेकवलेल्या उभ्या बॅगेला, जिच्यावर चष्मेवाल्याच्या बायकोची टोपी ठेवली होती, म्हणाले, "या साहेब! प्रवासात त्रास नाही ना झाला?"

बॅगेने काही तक्रार केली नाही.

मग ते चष्मेवाल्याकडे वळले. "बाई, तुमचं वजन किती? घोडा त्या मापाचा द्यायला हवा."

थंडी होती म्हणून चष्मेवाल्याने बायकोची शाल डोक्यावरून घेतली होती, हे खरं. पण त्याला दाढी होती, हेही तितकंच खरं.

बायको हसून हसून बॅगेशेजारीच बसली. चष्मेवाला मात्र हसला नाही. सव्वीस वर्षं त्याने दुकानाच्या मागच्या अरुंद खोलीत, गोल स्टुलावर माणसं बसवून "हे बरं, की हे बरं?" एवढा एकच प्रश्न विचारण्यात घालवली होती. मामांनी मान किंचित डावीकडे कलती केली होती आणि डोळे फटीएवढे बारीक. ही मान त्याच्या ओळखीची होती.

"सुट्टीवर आलोय," बायको म्हणाली. "दुकान उघडू नका."

"मी काही बोललो का?"

"तोंड गप्प आहे. नाक केव्हाच आत शिरलंय."

पाच दिवसांची सफर होती. घोड्यावर बसून जंगल, मग नदीचं पात्र, मग उघडे डोंगर, आणि त्यांच्यापलीकडे माणसाची वस्तीच नसलेलं एक खोरं. नोंदणीचं ऑफिस म्हणजे पत्र्याची एक खोली. एक टेबल, एक फोन, घड्यांवर फाटलेला नकाशा आणि कोपऱ्यात रचलेल्या खोगिरांचा ओल्या चामड्याचा वास. टेबलामागे मामांची मुलगी. बापाने आयुष्यभरात लावली नव्हती तेवढी शिस्त तिने एकटीने लावली होती.

मामा बाहेर गेल्यावर ती हळूच म्हणाली, "बाबांना हल्ली सुचत नाही. वय झालं. काही चुकलंमाकलं तर मला येऊन खरं सांगा हं. पुढच्या मोसमात वरच्या वाटेला दुसरा माणूस ठेवावा म्हणते."

बाहेर मामांचा आवाज एकदम बंद झाला. खिडकी उघडीच होती.

घोड्यांची ओळख मामांनी सोयरीक जुळवावी तशी करून दिली. सगळ्यांत पुढे चालणारी, मामांची स्वतःची करडी घोडी म्हणजे मुकादम. बायकोला मिळाली ती वन्सं, "कारण काही सांगितलं की आधी नाक मुरडते आणि मग स्वतःच्या मनासारखं करते." चष्मेवाल्याला जावईबापू. "का?" असं विचारेपर्यंत जावईबापूंनी ऑफिसच्या दारातली कुंडी खाऊन संपवली होती.

पहिल्या दिवशी चष्मेवाल्याला आपल्याला मांड्या आहेत हे कळलं. दुसऱ्या दिवशी त्या नसत्या तर बरं झालं असतं, असं वाटलं. पण कुतूहल मांड्यांत नसतं, त्यामुळे ते शाबूत होतं. मामा खोगिरावर चक्क मागे तोंड करून बसत आणि बोलत. आपलं लग्न कसं मोडता मोडता जुळलं, अस्वलाने डबा कसा पळवला, सगळं. बोलता बोलता हात लांब करून दाखवत, "तो सुळका पाहा. वर तीन झाडं. मधल्यावर गरुडाचं घरटं."

सुळक्यावर एकच झाड होतं. घरटं नव्हतं.

"आणि आता डावीकडे लाकडी पूल लागेल."

पूल लागला नाही. तो वाहून गेल्याच्या खुणांवरसुद्धा शेवाळ चढलं होतं. मुकादम शांतपणे उजवीकडे वळली, पाण्यात उतरली आणि पलीकडे गेली. मामा बोलतच राहिले.

तिसऱ्या दिवशी कपार आली. कड्याच्या पोटाला कोरलेली, घोडा कसाबसा मावेल एवढी वाट. एका खांद्याला दगड घासतो आणि दुसऱ्या पायाखाली थेट नदी, तीही दोऱ्याएवढी बारीक. चष्मेवाल्याने जावईबापूंच्या आयाळीत तोंड खुपसलं. बायको ठाऊक असलेलं सगळं पुटपुटत होती; त्यात पाढेही होते. मामा पुढे, लगाम सैल सोडून, मागे वळून आपल्या साडूची नक्कल करत होते.

खोऱ्यात तंबू लागल्यावर चष्मेवाल्याला राहवेना. चहा उकळत असताना त्याने दहा पावलांवरून मामांपुढे हात धरला.

"मामा, बोटं किती?"

मामा म्हणाले, "किती ते सोडा. हात कुणाचा आहे ते विचारा, आवाजावरून सांगतो."

"किती वर्षं झाली?"

"अकरा. वाट मुकादम बघते, मी बोलायचं बघतो. आजपर्यंत एकाही पाहुण्याला ओरखडा नाही. चष्मेवाल्या वाटाड्यामागे घोड्यावरून कोण येईल, सांगा बरं?" मग आवाज उतरला. "पोरीला सांगू नका. तिने घरी बसवलं तर भिंतीकडे बघत बसावं लागेल. तीसुद्धा धड दिसणार नाही."

"सांगत नाही," चष्मेवाला म्हणाला. "पण एकदा काचा लावून बघू या?"

"तुम्ही ती पेटी इथेही आणलीत?" बायको ओरडली. "मला दुसरा स्वेटर घेऊ दिला नाहीत, वजन होतं म्हणून!"

तपासणीच्या काचांची पेटी त्याने गरम कपड्यांत गुंडाळून आणली होती. बिस्किटांच्या डब्याच्या झाकणावर कोळशाने अक्षरं काढून त्याने ते झाडाला टांगलं, मामांच्या नाकावर तो विचित्र गोल सांगाडा चढवला आणि विचारायला सुरुवात केली. हे बरं, की हे बरं? शेवटी दोन्ही डोळ्यांना उणे साडेपाचवर मामा थबकले.

सगळ्यांत आधी त्यांनी मुकादमकडे पाहिलं. "अगं," ते म्हणाले, "म्हातारी झालीस की."

मग चष्मेवाल्याकडे. "तुम्ही मला उंच वाटला होतात."

मग डोंगराकडे. मामा पानं मोजत राहिले. पलीकडच्या उतारावर रानमेंढ्या चरत होत्या, त्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. "चौदा आहेत हो," ते दर थोड्या वेळाने येऊन सांगत. चष्मेवाला असा खूश होता, की त्याला कुणी दुसऱ्यांदा बोहल्यावर चढवलं असतं तरी चाललं असतं. गावी गेल्यावर पक्का चष्मा करून पाठवतो, तोवर हाच लावा, असं त्याने सांगून टाकलं. मामांचं काम टिकलं, या समाधानात तो झोपला.

खोरं म्हणजे बंद बाटली. आत यायची वाट तीच बाहेर जायची. चौथ्या दिवशी सकाळी घोडे पुन्हा कपारीशी आले. मामा आज सरळ पुढे तोंड करून बसले होते. त्यांनी वाट पाहिली. खाली पाहिलं. मग घोड्यावरून उतरले आणि दगडाला पाठ लावून उभे राहिले.

"हे कधी झालं?"

"काय मामा?"

"ही वाट. अशी कधीपासून आहे? मला दिसायचं तेव्हा दोन घोडे शेजारून जायचे."

"काल याच वाटेने आलो की आपण! तुम्ही साडूची नक्कल करत होतात."

"मी नाही आलो. मुकादम आली."

मुकादम पुढे जाऊन मालकाची वाट पाहत उभी होती. जावईबापू जिथे उभे होते तिथलं गवत संपवत होते. चष्मेवाल्याने हात पुढे केला. तो म्हणाला, "मामा, तो सांगाडा काढा बघू. द्या माझ्याकडे."

मामांनी काढला. डोळे बारीक केले. मग मान हलवली.

"आता काढून काय उपयोग? पाहिलंय ना मी."

तासभर समजावणी झाली. चष्मेवाला गोड बोलला, मग रागावला, मग स्वतःवर रागावला. शेवटी बायको वन्संवरून उतरली. "बाजूला व्हा तुम्ही. मामा, डोळे मिटा. एका हाताने वन्संची शेपटी धरा, दुसरा हात माझ्या हातात. आणि साडूंचं काय झालं पुढे, ते सांगा. अर्धंच राहिलं काल."

"तो... तो साडू..." मामा म्हणाले. मुकादम पुढे, मग वन्सं, मग डोळे मिटलेले मामा आणि त्यांचा हात धरलेली बायको, शेवटी जावईबापूंना ओढणारा चष्मेवाला, अशी वरात कपार ओलांडून गेली. एवढ्या सबंध वाटेत मामांनी पहिल्यांदाच मौन पाळलं.

पाचव्या दिवशी ऑफिसात मुलीने विचारलं, "काही चुकलं नाही ना?"

चष्मेवाल्याने दिलेला शब्द आठवून तोंड मिटलं. मामांनीच मध्ये बोलून टाकलं, "वरच्या वाटेला तो दुसरा माणूस बघ. चांगली दृष्टी असलेला नको."

मुलीला काही कळलं नाही, पण माणूस तिने ठेवला. चष्मा महिन्याभरात पार्सलने गेला. मामा आता ऑफिसात फोन घेतात.