फुंका, फुंका, अजून फुंका

माणसांना ‘फुंका’ म्हणून ओरडायचा पगार घेणारी आमच्या भागात बहुधा मी एकटीच. पेणच्या छातीच्या दवाखान्यात मी श्वासाची टेस्ट करते, आणि गुरुवारी मशीन पिशवीत घालून आमच्या डॉक्टर मॅडमबरोबर रोह्याला जाते. रिपोर्ट फायलीत जातात, किस्से माझ्याकडे साठतात. जेवताना एक सांगायला घेतला की त्याला धरून दुसरा येतो, आणि नवरा म्हणतो, “आधी जेव.”

टेस्ट तशी सोपी. नाकाला चिमटा, तोंडात नळी, छातीभर श्वास घ्यायचा आणि जोरात सोडायचा. मशीन आलेख काढतं. मग पंपाचं औषध द्यायचं, वीस मिनिटं थांबायचं, पुन्हा फुंकायचं. दुसऱ्या वेळी आलेख चांगलाच वर गेला, तर दम्याचा संशय पक्का होतो.

*

रोह्याला कंपनीतला एक ऑपरेटर आला. शिफ्टमध्ये खोकून हैराण, पण पहिल्याच फुंकरीत आलेख झकास. मला शंका आली. “पंप घेऊन आलात का?”

“घेतला ना, रिक्षातच. दोनदा.”

आदल्या दिवशी फोनवर बजावलं होतं, पंप घेऊ नका म्हणून! तो म्हणाला, “ताई, टेस्ट आहे म्हटल्यावर तयारी नको?”

पास झाला म्हणून त्याला परत पाठवला. पुढच्या गुरुवारी बिनतयारीचा आला आणि व्यवस्थित नापास झाला.

*

मी ओरडते तेव्हा बाकावरची माणसंही फुंकतात. गडबचे एक आजोबा नळीत नुसतेच फुसफुसत होते. मागे उभ्या असलेल्या आजी त्यांच्यासाठी एवढ्या फुंकल्या की चक्कर येऊन खाली बसल्या.

आजोबांनी नळी काढली. “माझ्या वाटचं हीच बोलते. आता श्वासपन हीच सोडते.”

*

वडखळच्या एका सुनेला छोटा मीटर घरी दिला होता. सकाळ-संध्याकाळ फुंकायचं आणि काटा कुठवर गेला ते वहीत लिहायचं. दोन आठवड्यांनी वही आली. सकाळचे आकडे बरे, संध्याकाळचे पार पडलेले. मॅडमने विचारलं, संध्याकाळी घरात काय असतं? धूर? अगरबत्ती?

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “संध्याकाली ती सैपाकात असते. वही रिकामी नको म्हणून मी फुकते.”

मॅडमने त्यांनाही खुर्चीत बसवलं. आता दोघींचे पंप एकाच फडताळात आहेत, नावं घालून.

*

दामूकाका जोह्याचे. आयुष्यभर गणपतीच्या कारखान्यात आखणी करत आलेले, म्हणजे मूर्तीचे डोळे काढत आलेले. अंग कोणीही रंगवो, डोळे काकांचेच. पण आता खोकला लागला होता, आणि रेघ ओढताना खोकला आला की डोळा बिघडतो. कारखानदार तोंडाने काही बोलला नव्हता. मोठ्या मूर्ती मात्र त्याने दुसऱ्याकडे दिल्या होत्या.

“दमा निघाला तर ब्रश ठेवायचा, ठरवून आलोय,” काका म्हणाले.

आणि त्यांना फुंकताच येईना. छातीभर श्वास घेत आणि तसेच थांबत.

“काका, सोडा!”

“सुटत नाय गो. रेघ ओढताना धरूनच ठेवायचा, तीच सवय.”

मी म्हटलं, मूर्तीवरची धूळ उडवता तसं फुंका. ते दचकलेच. “देवावर तोंडाची फुंकर? तिथं कोरडा ब्रश मारतात.”

सहा वेळा प्रयत्न वाया गेला. शेवटी मी हळूच म्हटलं, “काका, दोन्ही डोळे काढून झाले. ब्रश खाली ठेवलाय. आता सोडा.”

काकांनी डोळे मिटले आणि श्वास सोडला. सहा सेकंद, सात, आठ. काय साठवलं होतं त्या माणसाने छातीत, कोण जाणे. खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पंप दिला. काका भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. “वीसच मिनटं का?”

“औषधाला काम करायला तेवढी लागतात.”

दुसऱ्या वेळी आलेख सरसर वर गेला. काका खूश. मॅडम म्हणाल्या, “दमाच आहे, काका.”

“सुधारला तरी?”

“सुधारला म्हणूनच तर कळलं.”

मग त्यांनी नीट समजावलं. रोजचा पंप चुकवायचा नाही, जास्त धाप लागली तर हा दुसरा, तोंडाला मास्क, मूर्ती घासतात तिथे बसायचं नाही. ब्रश ठेवायची गरज नाही.

“रेघ येल?” काकांनी विचारलं.

“येईल,” मॅडम म्हणाल्या. काकांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही.

*

महिन्याने काका परत आले ते कापडात गुंडाळलेला वीतभर गणपती घेऊन. टेबलावर ठेवला. मॅडमने हात जोडले, मग जरा वाकून बघितलं.

“काका, हा डावा डोळा थोडा हललाय का?”

“व्हय. धाप लागलेली तवा काढला. पुसला नाय मुद्दाम.”

उजवा डोळा मात्र एका रेघेत उतरलेला. बघत राहावं असा.

“आणि हा?”

“मधी पंप घेतला.”

मॅडमने चष्मा वर करून दोन्ही डोळे पुन्हा निरखले. “किती वेळाने काढला?”

“वीस मिनटं,” काका म्हणाले. “घड्याळ लावून.”