हिरामावशीची डबी

परळच्या मासळीबाजारात हिरामावशी पापलेट विकायची, तेव्हा अंगठ्याने त्याचा कल्ला वर उचलून थेट गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरायची. "बग, लालभडक! लाल कल्ल्याचं म्हावरं ताजं." त्यानंतर घासाघीस करायची कुणाची टाप नव्हती.

बाजारासमोरच पहिल्या मजल्यावर मी दातांचा दवाखाना थाटला होता. सुरुवातीचे चार महिने खाली मावशी मासे विकत होती आणि वर मी माशा मारत होते. एका दुपारी ती धापा टाकत वर आली, खुर्चीत ऐसपैस बसली आणि म्हणाली, "गो डाक्टरीण, चिंबोरीची नांगी फोडताना खालचं दोन दात हलतात. तेवढं घट्ट करून दे."

चिंबोरी म्हणजे खेकडा, तिचा जीव की प्राण. तोंडात पाहिलं तर हिरड्या सुजलेल्या, बोट लावताच रक्त, दातांच्या मुळाशी कीटणाचा थर. लहानपणापासून ही बाई दिवसातून तीनदा मशेरी लावत होती. भाजलेल्या तंबाखूच्या त्या पुडीची डबी आताही तिच्या कमरेला खोचलेली होती. मी म्हटलं, "मावशी, हिरड्या आजारी आहेत तुझ्या."

"आजारी? लाल हायेत की! मी काय शिळी वाटले तुला?"

माणसाचं माशाच्या उलट असतं, हे तिच्या गळी उतरवताना माझ्या नाकी नऊ आले. निरोगी हिरडी फिकट गुलाबी आणि घट्ट असते, लाल आणि फुगलेली हिरडी म्हणजे दुखणं. "पण दुखत नाय तर!" ती म्हणाली. "तीच तर या आजाराची लबाडी," मी म्हटलं. "दुखेपर्यंत दात हातचा गेलेला असतो." कीटण काढायलाही तिचा विरोध होता. "त्यानंच तर धरून ठेवलेत गो!"

ते दोन दात काढावेच लागले. बाकीचे वाचवायचे तर कीटण काढायचं, मऊ ब्रशने दोन वेळा दात घासायचे आणि मशेरी कायमची बंद. नाहीतर चिंबोरी विसर, असं मी बजावलं. चिंबोरीचं नाव काढल्यावर ती गंभीर झाली. काढलेले दात तिने कागदात बांधून मागितले. "माझं दात हायेत, इथं कशाला ठेवू?"

पुढे ती माझी बिनपगारी प्रचारक झाली. पापलेटचा भाव विचारणाऱ्याला आधी "आ कर" म्हणायची. रक्त येतं म्हणून ब्रशच न लावणाऱ्या एका साहेबांना तिने भर बाजारात झापलं, "घाण तशीच ठेवलीस तर हिरडी बरी व्हईल काय? हलक्या हातानं घास, आणि वर जाऊन दाखव." साहेब पिशवी घेऊन मुकाट्याने वर आले.

दर सहा महिन्यांनी मी मावशीचं तोंड तपासायचे. हिरड्या सुधारत होत्या, पण डबी कमरेलाच होती. मशेरीवाल्यांच्या शपथा मी पुष्कळ ऐकल्या होत्या. "चोरून लावतेस ना? खोटारडी!" म्हटलं की ती डोळा मिचकावून डबीवर पदर ओढायची. डबीला हात म्हणून लावू द्यायची नाही.

गेल्या वर्षी मावशी झोपेतच गेली. तेरावं झाल्यावर तिची सून दवाखान्यात आली आणि तीच डबी माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "डाक्टरिणीला द्या, असं सांगून ठेवलं होतं त्यांनी." मनात म्हटलं, सापडलीस अखेर! झाकण उघडलं. तंबाखूचा वासही नव्हता. आत कागदात ते दोन दात होते.

"तलफ आली की डबी उघडून बघायच्या," सून म्हणाली. "मशेरीला शिव्या द्यायच्या. दोन खाल्लेस, आता उपाशी मर!"

मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. इतकी वर्षं मी तिला तोंडावर खोटारडी म्हणत होते आणि ती मजेत ऐकून घेत होती. डोळे पुसत मी सुनेला विचारलं, शेवटी नीट खात होती ना?

"आदल्या रात्री चिंबोऱ्या केलेल्या," ती म्हणाली. "आमच्या सगळ्यांच्या नांग्या त्यांनीच फोडून दिल्या."