साठवॅट आणि दोन काळ्या तारा

साठवॅटचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं. पण पाटीच्या नेमकं समोर विजेचा खांब असल्यामुळे ते कधी कोणाला पूर्ण वाचता आलं नाही, आणि साठवॅटनेही खांबाविरुद्ध तक्रार केली नाही. शेवटी वीज हेच त्याचं पोट होतं.

दुकान म्हणजे एक खोली, एक टेबल आणि एक माळा. तिथे तो ट्रान्सफॉर्मर गुंडाळायचा आणि दुरुस्त करायचा. ट्रान्सफॉर्मर हा लोखंडी ठोकळा घरातल्या थोरल्या सुनेसारखा असतो. सासऱ्यांचा सगळा तडाखा एका बाजूने सोसायचा आणि दुसऱ्या बाजूने पोरांना झेपेल तेवढाच पोचवायचा. भिंतीतली वीज एका बाजूच्या तारांना जोडायची, रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायरसारखी नाजूक प्रकृतीची यंत्रं दुसऱ्या बाजूला. बाजू उलटल्या की धूर. यापलीकडे त्या शास्त्रात फारसं काही नाही, असं साठवॅट म्हणायचा. पण बाजू ओळखायला तो अर्धा तास घ्यायचा.

ओळखायला तारांचे रंग असतात. वायरवाल्याने त्या रंगांचा एक गुळगुळीत तक्ता दुकानाला भेट दिला होता. साठवॅटने तो भिंतीवर आदराने लावला आणि खाली जाड पेनाने लिहिलं, ‘ही एक अफवा आहे.’

“अहो, छापलंय की त्यात!” गिऱ्हाईक म्हणायचं.

“अफवाही छापून येते,” साठवॅट म्हणायचा. “तार आतून तांब्याचीच. वरचा रंग एवढंच सांगतो, की त्या दिवशी गुंडाळणाऱ्याकडे कुठलं रीळ शिल्लक होतं.”

मग तो मीटर लावायचा. ज्या बाजूचा आकडा मोठा, ती बाजू भिंतीची. तरी समाधान नाही. मग साठ वॅटचा तारेचा बल्ब मध्ये घालून ट्रान्सफॉर्मरला वीज द्यायची. बल्ब क्षणभर लुकलुकून मंद झाला तर सारं ठीक. लख्ख पेटला तर आत घोटाळा. जगात सगळीकडे दिवा लख्ख लागला की लोक खूश होतात. या एका दुकानात लख्ख दिवा दिसला की गिऱ्हाईक डोक्याला हात लावायचं. त्या बल्बावरूनच त्याला नाव पडलं. एकतीस वर्षांत त्याच्या हातून एकही ट्रान्सफॉर्मर जळला नव्हता, आणि एकही वेळेवर मिळाला नव्हता.

“भाजीत मीठ घालायच्या आधीसुद्धा मीटर लावतील,” असं त्याची बायको मैत्रिणींना सांगायची. हे अन्यायाचं होतं. मीठ तो फक्त दोनदा विचारायचा.

बायको गाण्याच्या वर्गाला जायची. यंदा वर्गाच्या कार्यक्रमात ती पहिल्यांदाच एकटी गाणार होती, आणि तेही सुरुवातीलाच. सात महिने ते गाणं भांड्यांच्या आवाजात, कुकरच्या शिट्टीत, कपडे पिळताना घरभर फिरत होतं. आवाज गोड, पण इतका हळू की स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत येईपर्यंत दमायचा. “माईक आहे ना, मग झालं,” असं ती रोज स्वतःला बजावायची.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी चार वाजता मेहुणा दुकानात शिरला, तो सभागृहाचा अ‍ॅम्प्लिफायर छातीशी धरून. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा धंदा, आणि स्वतः बोलायला लागला की लाउडस्पीकरची गरज नाही.

“भावजी, मेलं हे! पाचला ताईचं गाणं आणि हे मेलं!”

साठवॅटने झाकण काढलं, वास घेतला. “ट्रान्सफॉर्मर गेला.”

“मग दुसरा घाला! तुमच्या माळ्यावर काय सोनं ठेवलंय?”

माळ्यावर सोनं नव्हतं, पण त्याच मापाचा एक ट्रान्सफॉर्मर होता. बावीस वर्षांपूर्वी साठवॅटने स्वतः गुंडाळलेला. ज्याने मागवला तो नंतर नेतो म्हणाला आणि गेला, तो गेलाच. त्याला पाच तारा होत्या. दोन काळ्या, दोन लाल, एक पिवळी.

“सोप्पं आहे!” मेहुणा म्हणाला. “काळ्या भिंतीला, बाकीच्या आत. तक्त्यावर पण तेच आहे.”

साठवॅटचा हात मीटरकडे गेला. घड्याळात चार बावीस झाले होते. सभागृह पंधरा मिनिटांवर, जोडणी तिथे गेल्यावर करायची. मीटर, मग बल्ब, मग पुन्हा मीटर, म्हणजे साडेपाच. त्याने हात मागे घेतला.

“माझ्याच हातचा आहे,” तो म्हणाला. “काळ्या भिंतीच्याच. चल.”

मेहुणा जागीच थांबला. “मीटर नको? बल्ब? भावजी, बरं आहे ना तुम्हाला?”

“चल म्हटलं ना.”

पिशवीत तारा झाळायची सोल्डरिंगची सळई तेवढी घेतली. मीटर टेबलावरच राहिला.

रंगमंचामागच्या खोलीत पाचला सात कमी असताना काळ्या तारांना प्लग जोडून झाला. लाल-पिवळ्या अजून मोकळ्याच होत्या. पडद्यापलीकडे खुर्च्या सरकत होत्या. मेहुणा सॉकेटपाशी उभा. “द्या इकडे, मी घालतो.”

साठवॅटने प्लग दिला नाही. स्वतःही घातला नाही. बुद्धीने सांगितलं, माझ्याच हातचा आहे. पण हाताचा बुद्धीवर विश्वास बसेना. एकतीस वर्षांची त्याची सवय, ती काय एका दुपारी मोडते!

“तो बल्ब काढ,” तो म्हणाला. मेकअपच्या आरशाभोवती जुन्या पद्धतीचे, तारेचे बल्ब होते. “होल्डरसकट.”

“पाच मिनिटं राहिलीत हो!”

“मग लवकर काढ.”

बल्ब मध्ये घातला, प्लग लावला. बल्ब असा लख्ख पेटला, की आरशातल्या मेहुण्याच्या चेहऱ्यावर मेकअप केल्यासारखं झालं. साठवॅटने प्लग ओढला आणि खाली बसला.

तेवढ्यात बायको आत आली. ठेवणीतली साडी, हातात गाण्याचा कागद. “होतंय का? वर्गाच्या बाई विचारतायत, माईकशिवाय सुरू करू का म्हणून.” तिने बल्बाकडे पाहिलं. त्या घरात एवढं शिक्षण तिचंही झालं होतं. “लख्ख?”

“लख्ख,” साठवॅट म्हणाला. “त्या आठवड्यात काळी वायर कमी होती की लाल, कोण जाणे. उलट लावल्या. लक्षात राहील म्हणून लिहून ठेवलं नाही.”

“दुकानात मीटर नाही लावलात?”

“घाई होती.”

“तुम्हाला? कोणाची?”

“तुझी.”

कोणाचा नवरा गजरा आणतो, कोणाचा साडी. तिच्या नवऱ्याने तिच्यासाठी मीटर दुकानात ठेवला होता, आणि त्याची किंमत त्या सभागृहात फक्त तिला कळत होती.

“आता नीट बघून लावा,” ती म्हणाली. “बाईंना सांगते, मी थांबणार. एकतीस वर्षं थांबतेय, अजून दहा मिनिटांनी काय होतंय?”

“ताई, लोक उठून जातील!” मेहुणा म्हणाला.

“तू जा बाहेर आणि बोल. तुला माईक लागत नाही.”

मेहुणा पडद्यापुढे गेला आणि ध्वनिशास्त्राच्या प्रगतीविषयी अकरा मिनिटं बोलला. लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. दोन ठिकाणी टाळ्याही पडल्या.

इकडे साठवॅटने प्लग लाल तारांना जोडला. बल्ब लुकलुकला आणि मंद झाला. अगदी मंद, लाजल्यासारखा. मग त्याने बल्ब काढला, काळ्या आणि पिवळी आत जोडल्या, झाळलेले जोड दोनदा ओढून पाहिले, आणि मान हलवली.

बायकोचं गाणं शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं. शेवटच्या रांगेतला एक म्हातारा म्हणाला, “काय हळू आवाज आहे, पण ऐकू येतो.” मेहुण्याने हे आल्या-गेल्याला सांगितलं.

साठवॅटने ते गाणं पडद्यामागे उभं राहून ऐकलं, उजवा तळहात ट्रान्सफॉर्मरवर ठेवून. शेवटपर्यंत उचलला नाही.

“कसं झालं?” घरी परतताना बायकोने विचारलं.

“तापला नाही,” साठवॅट म्हणाला.

“गाणं विचारतेय मी.”

तो दहा पावलं चालला. “दुसऱ्या कडव्यात थोडी घाई केलीस.”

“आज कोणाकडून लागली असेल बरं ती?” बायको म्हणाली, आणि त्याच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर साठवॅटने आधी जाड पेन शोधलं. तक्त्यावर ‘ही एक अफवा आहे’च्या खाली थोडी जागा उरली होती. तिथे त्याने सावकाश लिहिलं, ‘मी पसरवलेलीसुद्धा.’