लॉरेनचा खोकला

विल्फ ब्रूमहेडचे हात पाहून हा माणूस ऑर्गन वाजवत असेल असं कुणाला वाटलं नसतं. सगळा जन्म भट्टीच्या विटांच्या कारखान्यात गेलेला. मातीने बोटांना कायमच्या भेगा पडल्या होत्या आणि एका अंगठ्याचं नखच नव्हतं. पण नोव्हेंबर उजाडला की आमच्या हॉलिन एजमध्ये त्या हातांवाचून कुणाचं चालत नसे. ‘प्लव्हर’ पबच्या खिडकीखाली ऑर्गन होता, त्याच्यापुढे एक तिरकं स्टूल होतं आणि त्या स्टुलावर विल्फ. मी त्याच्या शेजारच्या घरात राहतो, कारखान्यातही त्याच भट्टीवर होतो, आणि पबमध्ये खर्ज गाणाऱ्यांत त्याच्या डाव्या खांद्यामागे उभा असायचो. म्हणून हे लिहायला बसलो. जमेल तसं लिहितो.

आमची नाताळगीतं चर्चमधली नाहीत. ती आमच्या टेकडीवरची, वाडवडिलांची. खाली शेफील्ड शहरात तीच गीतं वेगळ्या चालींवर म्हणतात आणि आम्ही त्यांना हसतो. युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाच्या रविवारी, स्मारकापुढे टोप्या काढून उभं राहून झालं, की दुपारी पबमध्ये पहिलं गाणं उठतं. नाताळच्या दुसऱ्या दिवशी शेवटचं. मधले दहा महिने ती कुणी गुणगुणायचीसुद्धा नाहीत. विल्फ एकदा ऑगस्टमध्ये भट्टीपाशी शीळ घालताना सापडला होता, तेव्हा पर्सी ग्रेसनने त्याच्या चहात मूठभर माती टाकली होती. पर्सी आमच्यातला सगळ्यात जुना गाणारा. गाण्यांची राखण आपल्याकडेच आहे, असं तो समजायचा, आणि आम्हीही तसंच समजायचो.

विल्फची मुलगी लॉरेन शहरात कात्र्यांच्या कारखान्यात काम करायची. तिथल्या दोन मुलांबरोबर तिने बँड काढला, ‘पेपर फर्नेस’ नावाचा. गिटार नाही, ढोल नाही, नुसते सिंथेसायझर आणि एक टेपरेकॉर्डर. तिने आपला सिंथेसायझर घरी आणला तेव्हा विल्फने मला कुंपणावरून हाक मारली.

“ये, बघ तरी. हिने टेलिफोन एक्स्चेंज उचलून आणलंय.”

लॉरेनने स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो लावला आणि एक बटण फिरवलं. विल्फने दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवले. आवाज मात्र एकाच सुराचा आला.

“बिघडलाय.”

“नाही बाबा, हा असाच असतो. एका वेळी एकच सूर.”

“मग बाकीची नऊ बोटं काय खिशात घालायची?”

“एकावर एक टेप करायचं. आधी एक सूर, मग त्यावर दुसरा.”

“म्हणजे विटा रचल्यासारखं,” विल्फ म्हणाला, आणि मग मात्र संध्याकाळभर तिथून हलला नाही.

त्यांची पहिली तबकडी १९८१च्या उन्हाळ्यात निघाली. ‘लास्ट बस अप’ तिचं नाव. शहरातला सराव आटोपून लॉरेन टेकडीवर यायची त्या शेवटच्या बसचं. विक्रीला जायच्या आधी तिने एक प्रत घरी आणली. विल्फने हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले, मग ती लावली. मी दाराशीच उभा होतो. पहिली गाणी खरं सांगायचं तर मला थंडगार वाटली, कुणी रिकाम्या गोदामात बोलावं तशी. हिल्डा, विल्फची बायको, म्हणाली, “शब्द छान आहेत. पण सर्दी झाल्यासारखं का गातेस?” लॉरेन हसली.

मग शेवटचं गाणं लागलं. त्यात लॉरेन गातच नव्हती. एक सूर दुसऱ्याचा हात धरून चालावा तसा चालला होता, सावकाश, वर चढत, थोडा थांबत. मी ओळखला. आमच्या मेंढपाळांच्या गीतात दोन कडव्यांच्या मध्ये ऑर्गनचा जो तुकडा येतो, ज्यावर आम्ही सगळे दम घेतो, तोच.

विल्फ उठला, कोळशाची बादली उचलली आणि परसात गेला.

“जूनमध्ये कोळसा कशाला?” हिल्डाने विचारलं.

जुलैत रेडिओवर ते वाजलं. आमच्या कँटीनमध्ये, जेवणाच्या सुट्टीत. पर्सी सँडविच तोंडाशी नेता नेता थांबला.

“हे आमचं आहे,” तो म्हणाला. “जुलै महिन्यात! आणि त्या दाताच्या डॉक्टरच्या यंत्रावर!”

“पर्सी, लहान पोर आहे…” मी म्हणालो.

“तेवीस वर्षांची लहान पोर? गावाची वस्तू उचलून बाजारात मांडलीन तिने. विल्फ, तुला ठाऊक होतं?”

“होतं,” विल्फ म्हणाला.

पुढे तो काही बोलला नाही, आणि तेच त्याला भोवलं. पर्सीने त्याच्याशी बोलणं टाकलं. हळूहळू इतरांनीही. ऑक्टोबरात पबमध्ये ठरलं, की स्मरणाच्या रविवारी विल्फने वाजवायला हरकत नाही, पण त्याच्या मुलीने उंबरठ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. लॉरेन जन्मल्यापासून एकही वर्ष चुकली नव्हती. आधी आईच्या कडेवर, मग ऑर्गनच्या पेडलांशेजारी जमिनीवर, मग विल्फसाठी पानं उलटायला. खरं तर पानं नव्हतीच. विल्फ सगळं मनातून वाजवायचा, तरी तिला एक जुनी वही धरायला देऊन ठेवायचा.

ती रात्रीच्या बसने आली आणि बापाला तिने सरळ विचारलं, “बाबा, मी ते चोरलं का? तुम्ही मला झोपवताना वाजवायचात ना. मला ते आपल्या घरचंच वाटायचं.”

“नाही चोरलंस,” एवढंच तो म्हणाला.

हे मला हिल्डाने नंतर सांगितलं. लॉरेन झोपल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, “सांगून टाक ना त्यांना.”

“काय सांगू? गावाच्या गाण्यात मी माझं घुसडलं म्हणून? मला त्या स्टुलावर पुन्हा बसू देतील?”

“आणि ती बाहेर उभी राहिली तर तुला बसवेल?”

त्या रविवारी गारठा फार होता. स्मारकावरून आम्ही पबमध्ये शिरलो. लॉरेन मात्र आत आली नाही. बाहेर अंगणाच्या दगडी भिंतीवर, लहान मुलं बसतात तिथे, कोटाची कॉलर वर करून बसली. तिला खिडकीतून दिसत असेल ते विल्फचं डोकं.

पर्सीने सूर दिला. मेंढपाळांचं गीत. पहिलं कडवं छतापर्यंत गेलं. मग तो तुकडा यायचा होता. विल्फने दोन्ही हात पट्ट्यांवरून उचलले आणि मांडीवर ठेवले.

असा गोंधळ मी त्या पबमध्ये कधी पाहिला नाही. निम्मे लगेच दुसऱ्या कडव्यात घुसले, निम्मे तोंड उघडून उभे. मी खर्जात एकटाच काहीतरी ओरडलो. मग सगळं बंद पडलं.

“का थांबलास?” पर्सी गरजला.

“गाण्यात तिथे काही नाही, पर्सी.” विल्फ त्याच्याकडे न बघता बोलत होता. “तिथे जे होतं ते माझं आहे. ते मी लॉरेनला दिलंय.”

“तुझं? अरे, माझा आजा गायचा हे गाणं!”

“गाणं गायचा. हा तुकडा त्याने ऐकला नसेल. पोरीला डांग्या खोकला झाला होता, त्या हिवाळ्यात झाला तो. डाव्या हातात तिला धरायचो आणि उजव्याने घरच्या ऑर्गनवर वाजवायचो. एकेक सूर. त्यावर ती झोपायची. त्या वर्षी इथे आलो, तर तुम्ही सगळे कडव्याकडव्याला धापा टाकत होतात. म्हटलं, यांनाही चालेल. दरवर्षी एखादा सूर वाढवत नेला, कुणाच्या लक्षात आलं नाही.”

मागून कुणीतरी खुदकन हसलं. पर्सी हसला नाही.

“म्हणजे इतकी वर्षं आम्हाला फसवलंस.”

“सांगायला भीती वाटली.” विल्फ उठला, स्टूल त्याने थोडं मागे सरकवलं. “आता दुसऱ्या कुणाला बसायचं असेल तर बसू दे. पण तिने गावाचं काही नेलेलं नाही.”

पर्सीने आपला ग्लास उचलला, त्यात पाहिलं, पुन्हा ठेवला. मला आठवलं, त्याचा धाकटा भाऊ लहानपणी डांग्या खोकल्यानेच गेला होता. त्याला तेव्हा काय आठवलं ते मला ठाऊक नाही.

“आणि तो तुकडा काढला तर मी दम कुठे घेऊ?” तो शेवटी म्हणाला. “एकाहत्तर वर्षांची फुप्फुसं आहेत माझी. बस खाली. आणि त्या पोरीला आत घ्या, भिंतीवर गोठून मरेल.”

मीच दार उघडलं. लॉरेन आत आली, नाक लाल झालेलं. पर्सी तिच्यासाठी सरकला नाही, तिला त्याला घासूनच जावं लागलं.

“पुढच्या वेळी नोव्हेंबरपर्यंत थांब, बये.”

“तबकडीवाली कंपनी थांबत नाही, पर्सीकाका.”

“कंपनीला म्हणावं, इथे येऊन माझ्याशी बोल.”

विल्फ स्टुलाच्या एका कडेला सरकला. लॉरेन दुसऱ्या कडेला टेकली. गीत पुन्हा पहिल्यापासून उठलं, आणि तुकडा आला तेव्हा विल्फने हात मागे घेतले. लॉरेनने तो उजव्या हाताने वाजवला. थंडीने बोटं आखडली होती, एक सूर चुकलासुद्धा. आम्ही सगळ्यांनी दम घेतला.

विल्फ आता नाही, पर्सीही नाही. ‘लास्ट बस अप’ फार खपली नाही असं लॉरेन सांगते. पण आमच्या प्रत्येक घरात एक आहे, पर्सीच्याही होती. कुणी नवा माणूस गायला आला, की पहिल्या कडव्यानंतर कुणीतरी त्याच्या बाहीला हात लावतं. “थांब. घाई नको. इथे लॉरेनचा खोकला आहे.”